पुण्याच्या पूर्वेला आठ मैल

मांजरीच्या पुलाखाली उतरायला धड वाट नाही. निर्माल्याच्या पिशव्या ओलांडत, बेशरमाची झुडपं धरत तुम्ही उतरता आणि शेवटच्या चार पावलांत चिखल तुमची एक चप्पल ठेवून घेतो. वास आधी येतो, नदी नंतर. जलपर्णी इतकी दाट आहे की तिच्यावरून बगळा चालतोय आणि त्याचे पाय भिजत नाहीत. जिथे ती फाटलीय तिथे काळपट पाणी, त्यावर साबणासारखा फेस. अख्खं पुणं आणि पिंपरी-चिंचवड नाहून, धुऊन, जेवून झाल्यावरचं हे पाणी आहे. यात पाय घालायचं तुमच्या मनात नव्हतं. पण समोर गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा आहे, जाळ्याची कड दातात धरून, आणि तुम्ही त्यालाच बघायला आला आहात.

तो कमरेतून वळतो, दात कड सोडतात, खांद्यावरचं जाळं हवेत गोल उघडतं. कडेच्या शिशाच्या गोळ्या एकदम पाण्यावर पडतात, पावसाची सर यावी तशा. जाळ्याची दोरी त्याच्या डाव्या मनगटाला फासासारखी अडकवलेली आहे. ती तो हातावर हात टाकत ओढतो. येतात तीन चिलापी, एक दुधाची पिशवी, एका बुटाचा तळ.

“चिलापी बारमाही,” तो म्हणतो. “कशात बी जगती.”

तो भोई आहे. त्याचे वडील इथेच मासे धरायचे, आजोबाही. तुम्ही त्याला विचारता, खुद्री कधी पाहिलीय का? तो मान हलवतो. नाव ऐकलंय म्हणतो, म्हाताऱ्यांच्या तोंडून.

“टाका की एकदा, सर.” तो दोरीचा फास तुमच्या मनगटात घालतो. “घट्ट ऱ्हाऊ द्या. नायतर जाळं जाईल नदीबरोबर.”

तुमच्या हातून जाळं उघडत नाही. पिळलेल्या टॉवेलसारखं धप्पकन पडतं. तो हसत नाही, हे त्याचं मोठेपण. “बसू द्या तळाला. हां. आता वढा. दमानं.”

तुम्ही ओढता.

पहिल्या हाताला दोरी निळ्या नायलॉनची आहे, निसरडी. दुसऱ्या हाताला जलपर्णी सुटून जाते. तिसऱ्या हाताला खाली कुठेतरी, शंभरेक किलोमीटरवर, उजनीची भिंत पाण्यात विरघळते. 1980 मागे पडलं. इथून निघालेलं पाणी रांजणगाव सांडसला भीमेला मिळून आता अडल्याशिवाय पुढे जातंय. फेस पातळ होत जातो. मग अचानक दोरीला असा हिसका बसतो की खांदा निखळतोय असं वाटतं. पाणी लाल-तपकिरी, छातीपर्यंत, आणि त्यातून तुळया, पत्रे, एक पाळणा, पितळी घागरी वाहत येतात. 12 जुलै 1961. पानशेत फुटलंय, मागोमाग खडकवासला. इथे थांबायची ताकद तुमच्यात नाही. थांबून करणार तरी काय? तुम्ही ओढत राहता.

नायलॉन संपलं. हातात आता सुती दोरी आहे. ती पाण्याने फुगून जड झालीय आणि तळव्याला धरून बसते. गेल्या दोन हातांच्या मधे कुठेतरी चिलापीही गेली. हा आफ्रिकेचा मासा भारतात 1952 साली आणून सोडला. त्याआधी पुण्याच्या माणसाला कितीही पैसे दिले असते तरी तो तुम्हाला चिलापी खाऊ घालू शकला नसता. 1942 येतं आणि जातं. त्या वर्षी फ्रेझर नावाचा एक इंग्रज मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी छापतोय. त्याच्या टेबलावर एक जुनी यादी उघडी असणार, कारण पुण्याचा मासा म्हटलं की त्या यादीला वळसा घालून कुणालाच जाता येत नाही. तुम्ही तिच्याकडेच निघाला आहात.

मुळशीचं धरण जातं. खडकवासल्याचं जातं. बंडगार्डनचा बंधारा जातो. प्रत्येक भिंतीबरोबर पाण्याचा आवाज बदलत जातो, म्हणजे आधी नव्हताच तो यायला लागतो. दोरी आता तागाची आहे, खरखरीत, झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून काळी केलेली. ती ओढताना हाताला कडवट, कातासारखा वास लागतो.

“वढ की रं! बगत काय बसलायस?”

खाली बघता तर तुमच्या पायाची बोटं दिसतायत.

हे लिहायला एक ओळ लागते, पण तुम्ही तिथे बराच वेळ उभे राहता. पाणी गुडघ्याच्या वर आहे, वाहतंय, थंड आहे, आणि त्यातून दहाही बोटं, त्यांच्याभोवतीचे गोटे, गोट्यांवरचं शेवाळ, शेवाळाला तोंड लावून चिकटलेला एक बोटभर मासा, सगळं दिसतंय. काठाला वाळुंजाची झाडं पाण्यावर वाकलेली आहेत. उंबराची फळं टपटप पडतात आणि पडलेलं प्रत्येक फळ खालून कुणीतरी ओढून नेतं. पलीकडच्या खडकावर ऊद बसलाय, मिशा पुसत. माणसं आहेत म्हणून तो पळत नाही. त्याचाही हाच धंदा आहे.

मार्गशीर्ष असावा. पावसाचं पाणी ओसरून नितळलेलं, पण अजून भरपूर. पेशवाई बुडून दहा-एक वर्षं झालीत. ज्याने तुमच्यावर आवाज टाकला तो म्हातारा भोई कमरेला लंगोटी, डोक्याला मुंडासं, आणि खांद्यावर घट्टा बाळगून आहे. तो घट्टा जाळ्याचा नाही, पालखीच्या दांड्याचा. भोयाची दोन कामं: माणसं वाहायची आणि मासे धरायचे. म्हाताऱ्याला दुसरं जास्त आवडत असणार, कारण मासा निदान पालखीत बसून घाई करत नाही.

डोहाच्या तोंडाशी आडवं जाळं लावलेलं आहे. एक टोक पलीकडे उंबराच्या मुळीला, दुसरं तुमच्या हातात. दोन पोरं भोपळ्यांच्या सांगडीवर पोटावर पडून डोहाच्या वरच्या अंगाला गेलीत. म्हातारा हात वर करतो आणि पोरं काठ्यांनी पाणी बडवायला लागतात. डोह इतका वेळ गप्प होता. आता त्याच्या तळात काहीतरी हलतं, सावल्या सरकतात, एक, तीन, मग मोजता येत नाहीत इतक्या. जाळ्याला पहिला धक्का बसतो तेव्हा तुम्हाला वाटतं लाकूड अडकलं. दुसऱ्या धक्क्याला लाकूड पाण्याबाहेर उडी मारतं.

उन्हात ती क्षणभर दिसते. पाठ काळपट निळी, कूस चांदीची आणि तिच्यावर सोन्याची झाक, पर निळसर. खवले एकेक बंद्या रुपयाएवढे. मग ती पडते आणि तुमच्या हातातली दोरी चार बोटं कातडं घेऊन जाते.

“खुद्री!” म्हातारा ओरडतो. “सोडू नगंस! मेलास तरी सोडू नगंस!”

तुम्ही सोडत नाही. आजवर कुणी तुमच्याकडून काही एवढ्या मनापासून मागितलं नसेल.

काठावर जाळं ओढलं तेव्हा सगळे धापा टाकतायत, मासे आणि माणसं. म्हातारा निवडायला बसतो. वाम फडक्यात धरायची, पाठीवर काट्यांची रांग असते. शिंगाळ्याला हात लावण्याआधी त्याचे काटे दगडाने मोडायचे. एक काटा बोटात गेला तर दोन दिवस हात कामाचा राहत नाही. मरळ चिखलाच्या भागात धरलेली आहे, ती वेगळ्या पाटीत, ओल्या गवताखाली. ती पाण्याबाहेरही तग धरते, म्हणून बाजारात जिवंत जाते. एक जाडजूड अहीर सगळ्यांच्या खालून सरपटत पुन्हा नदीकडे निघालाय आणि एक पोरगं त्याच्यावर राख टाकून त्याला पकडतं. बाकीची चांदी, म्हणजे बोटभर, वीतभर लांबीचे मासे, म्हातारा बघतही नाही. ते तो बायकोकडे सरकवतो.

खुद्रीला तो हात लावत नाही. तिला बघत बसतो. जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या. तुम्ही तिच्या तोंडात बोट घालता. दात नाहीत. म्हातारा तुमचं मनगट धरून बोट अलगद बाहेर काढतो आणि स्वतःच्या गळ्याकडे खूण करतो. दात तिथे आहेत, घशात. शिंपला फोडते ती त्यांनी. अशा माशाला साधा गळ पुरत नाही, तो म्हणतो. गळ सरळ करून जाते. वर डोंगराकडच्या गावांत लोक गेळाची फळं कुटून डोहात टाकतात, झिंग येऊन मासे उलटे होतात. त्यानं मासे मिळतात, पण पुढच्या वर्षी डोह वांझ राहतो. हे म्हणताना तो थुंकतो.

“चला,” तो उठतो. “सायेब वाट बगत आसंल.”

आमराईत तंबू आहे. मेजावर मोजपट्टी, दौत, टाक, कागद, आणि कागदांवर माशीही बसू नये म्हणून फडकं हलवणारा एक शिपाई. खुर्चीतला माणूस चाळिशीच्या आतला आहे. विल्यम हेन्री सायक्स. हा खडकीच्या लढाईत होता, पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला. 1824 मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची मोजदाद करायला नेमलं: गावं किती, नांगर किती, पीक किती, पाऊस किती. तो ते सगळं मोजतोच आहे. पण मोजायची एकदा खोड लागली की माणूस थांबत नाही. तो पाखरं मोजतो, वटवाघळं मोजतो, हवेचा दाब मोजतो, आणि आता मासे. पुढे 1831 मध्ये तो विलायतेला परत जाईल, म्हातारपणी कंपनी सरकारचा अध्यक्षही होईल. पण मराठी मुलखात त्याचं नाव ज्याला आज आठवतं, तो माणूस बहुधा पक्षी किंवा मासे बघणारा असतो.

आणि याला मराठी येतं. हे महत्त्वाचं आहे. हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांची दुभाषाची परीक्षा तो पास झालेला आहे. म्हणून तंबूत कारकून असला तरी मध्ये पडत नाही. तो बिचारा तसाही नाकाला उपरणं लावून लांब उभा आहे. माशांचं त्याला एकच नाव माहीत आहे, मासा.

साहेब खुद्री मोजतो. परातले काटे एकेक करून टाकाच्या टोकाने वेगळे करत मोजतो. खवल्यांची रांग मोजतो. हे करताना त्याचं तोंड किंचित उघडं राहतं, लहान मुलासारखं. मग तो म्हाताऱ्याकडे बघून नाव विचारतो.

“खुद्री.”

टाक कुरकुरतो. तुम्ही मान लांब करून बघता. खुद्री या शब्दाला त्याच्या लिपीत शेवटी ईकार नाही, म्हणून त्याने दोनदा ‘e’ काढलाय. जसं ऐकलं तसं. पुढचा मासा. कोळस. टाक. पुढचा. शिंगाळा. इथे तो अडतो, पुन्हा म्हणायला लावतो, आणि लिहितो ते ‘सींघाला’च्या जवळ जाणारं काहीतरी. म्हातारा खांदे उडवतो. ताकरी. घोगऱ्या, तो ‘गोगरा’ होतो. बलुकी. पांगट. एक रोहटी येते, चपटी, चमचमती, आणि साहेबाला ती इतकी वेगळी वाटते की आधी माहीत असलेल्या कुठल्याच कुळात तिला बसवता येत नाही. पुढे तो नवं कुळ करेल आणि कुळाचंच नाव रोहटी ठेवेल.

मग साहेब तो बोटभर मासा उचलतो, दगडाला चिकटून बसणारा, तुमच्या पायाशी होता तो. नाव विचारतो. म्हातारा डोकं खाजवतो.

“ह्ये बारीक-सारीक बाया सांगतील.”

आंब्याच्या खोडाआड पाटी घेऊन उभी असलेली म्हातारी पुढे येते. साहेबाकडे बघत नाही, माशाकडेही नाही. “मळ्या,” ती म्हणते, आणि हे काय विचारणं झालं अशा चेहऱ्याने परत आपल्या जागी जाते. मोठा मासा बाप्यांचा, कारण तो विकायचा. बारीक मासा बायकापोरांचा, कारण तो वेचायचा, धुवायचा आणि रांधायचा. नावं त्या हिशेबाने वाटलेली आहेत. टाक कुरकुरतो.

मला या प्रसंगात एक गोष्ट कायम खुपते. सायक्स प्रामाणिक माणूस होता. त्याने माशांना सगळी आपल्या मित्रांची नावं देऊन टाकली असती तर त्याला कुणी अडवणार नव्हतं. काहींना त्याने दिलीही. पण कितीतरी माशांना त्याने ऐकलेलंच नाव ठेवलं, आणि ते करायला मन लागतं. त्याने खवल्यांची रांग मोजली, काटे मोजले, लांबी मोजली, कुठल्या नदीत मिळाला ते लिहिलं. खुद्रीसाठी त्याने ‘मोटा मोला’ लिहिलं, म्हणजे मुळा-मुठा, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल. एवढं नेमकं ठिकाण लिहिणाऱ्या माणसाला, समोर उभ्या असलेल्या भोयाला तुझं नाव काय, एवढं विचारायचं सुचलं नाही. म्हाताऱ्यालाही ते सांगावंसं वाटलं नाही, हेही खरं.

हातावर चार नाणी पडतात आणि पाट्या परत उचलल्या जातात. खुद्रीसुद्धा. साहेबाचं चित्र झालं, मोजमाप झालं, आता त्याला तिचा काय उपयोग?

संध्याकाळी भोयांच्या वस्तीत तीन दगडांच्या चुलीवर मडकं चढतं. मिरची, लसूण, चिंचेचा कोळ, आणि वरून तेलाचे चार थेंब मोजून. खुद्रीचे तुकडे एवढे मोठे की मडक्यात दोनच बसतात. उरलेले शेजारी जातात, त्यांच्या चुलीवर. तुम्हाला बाजरीच्या भाकरीवर एक तुकडा मिळतो. मांस घट्ट आहे, गोडसर आहे आणि काटे फार आहेत. म्हातारी तुम्हाला काटे काढून खायला शिकवते, जीभ कुठे ठेवायची ते दाखवते.

बार्बस खुद्री, आताचं शास्त्रीय नाव टोर खुद्री, या जातीचा मूळ नमुना आज जगातल्या कुठल्याही संग्रहालयात नाही. अभ्यासकांच्या याद्यांमध्ये त्यापुढे ‘नमुना ज्ञात नाही’ अशी नोंद असते. तुम्ही बोटं चाटता. एवढा घास माझ्या कल्पनेतला आहे. पण ताजा मासा, भुकेलं घर आणि दोन दिवसांत खराब होणारं मांस यांचा हिशेब दुसरा कुठला लागतो?

दोरी अजून मनगटाला आहे. झोपेत तुम्ही ती जरा जास्तच ओढता.

त्यामुळे जिथे पोचता तिथे दोरी उत्तम कातलेली, गुळगुळीत, आणि तिच्या टोकाला बांबूची काठी. बारावं शतक. समोर तळ्याकाठी राजा बसलाय, कल्याणीचा चालुक्य सोमेश्वर तिसरा, आणि तो मासे धरतोय. पोटासाठी नाही, गंमत म्हणून. राजाने काय काय करून मन रमवावं याचा त्याने मानसोल्लास नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ केलाय. त्यात मल्लयुद्ध आहे, स्वयंपाक आहे, आणि मत्स्यविनोद नावाचं आख्खं प्रकरण आहे: मासे कुठले, ते कुठे राहतात, कुणाला खवले आहेत आणि कुणाला नाहीत, कुणाला कसलं खाणं आवडतं, दोर कसला, गळ कसा. भीमेच्या खोऱ्यात हा हिशेब असा जुना आहे. राजा काठी हलवत नाही. त्याच्या मागे दोन माणसं पिठाचे गोळे वळून पाण्यात टाकतायत, माशांना जागेची सवय लागावी म्हणून. ग्रंथात राजाचं नाव आहे. गोळे वळणाऱ्यांना कुणी विचारलेलं इथेही दिसत नाही. तुम्हाला राजाच्या बाजूला बसायला आवडलं असतं, पण शिपायाची नजर तुमच्या एका चप्पलेवर गेलीय.

तुम्ही दोरी सैल सोडता.

परत येताना पाणीच तुम्हाला ओढतं, हाताला काम नाही, म्हणून बघायला वेळ मिळतो. 1839. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात सायक्सच्या लेखाचा सारांश छापला गेलाय. 1841. पूर्ण लेख, चित्रांसह, दख्खनचे मासे. त्यात मांजरीच्या आसपासची मराठी लॅटिनच्या शेजारी जाऊन बसली: खुद्री, कोळस, ताकरी, बलुकी, बोगट, मळ्याचा मुल्ल्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याआधी दहा वर्षं, 1831 मध्ये निघाला. तो पंडितांना हाताशी धरून केलेला होता. म्हातारीचा शब्द मात्र दुसऱ्याच वाटेने गेला. आजही कुठल्याही देशातला मत्स्यशास्त्रज्ञ तो मासा बघून गारा मुल्ल्या म्हणतो. आंब्याच्या खोडाआडून आलेला शब्द.

त्याच लेखात अहीरही आहे. सायक्सने त्याला गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव दिलं. हे तर मोठ्या माणसाचं नाव, टिकायला हवं होतं. पण याच माशाला 1831 मध्ये ग्रे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने बंगालवरून नाव देऊन ठेवलेलं निघालं, आणि शास्त्रात ज्याने आधी नाव दिलं त्याचं चालतं. गव्हर्नरसाहेब गेले, खुद्री राहिली. बंगालचं नाव अहिराला शोभतंही. तो इथे वाढतो पण अंडी घालायला भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे उतरतो, आणि त्याची पिल्लं तोच रस्ता उलटा चढून घाटमाथ्याच्या नद्यांपर्यंत येतात. यायची. आता वाटेत भिंती आहेत.

त्या भिंती आता एकेक करून परत येतायत, तुमच्या डोळ्यांसमोर. खडकवासला. लोणावळ्याला वळवणचं धरण, इंद्रायणीच्या उगमाकडचं पाणी खोपोलीला उतरवून वीज करायला. मग मुळशी. 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट जमिनीसाठी उभे राहिले. माशांसाठी कुणी उभं राहिलं नाही, आणि त्या माणसांची शेतं बुडत असताना राहावं अशी अपेक्षाही करू नये. पण मुळेचं पाणी डोंगराच्या पलीकडे कोकणात पडायला लागलं. पावसाळ्यात खुद्री प्रवाहाच्या विरुद्ध वर चढते, गोट्यांच्या, खळाळत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालते. ती भिंतीपाशी येऊन थांबली.

1952. कोल्हापूरच्या पंचगंगेत सी. व्ही. कुलकर्णी एका छोट्या माशाचं वर्णन करतायत. तो इतर माशांचे खवले खातो म्हणून स्थानिक लोक त्याला खवलचोर म्हणतात. कुलकर्णींनी शास्त्रीय नावातही तेच ठेवलं, खवलचोर, आणि या वेळी मराठी नाव मराठी कानाने ऐकलं होतं म्हणून एकही अक्षर मोडलं नाही. हेच कुलकर्णी पुढे 1970 च्या सुमाराला लोणावळ्यात खुद्रीची अंडी हातात घेऊन बसलेले दिसतात. मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी परातीत काढायची, त्यात नराचं दूध मिसळायचं, आणि गार, वाहत्या पाण्याखाली ठेवायची. टाटांच्या वळवणच्या तलावाशी हे काम उभं राहिलं. ज्यांच्या धरणाने नदी वळवली त्यांच्याच आवारात नदीचा मासा वाढायला लागला. यात ढोंग शोधायचं असेल तर शोधा. मला तर त्यात एक साधी अडचण दिसते: मासा वाचवायला पाणी लागतं, आणि ते तेव्हा ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच जावं लागलं.

तिथली पिल्लं देशभर गेली. काही कावेरीत सोडली आणि तिथे खुद्री इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा थोर महसीर, खुद्रीचाच भाऊबंद, पाठीवर कुबड असलेला, कोपऱ्यात गेला. त्याला शास्त्रीय नाव नेमकं कुठलं लावायचं हे ठरायला 2018 उजाडलं, टोर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. जगाच्या लाल यादीत खुद्री मात्र संकटग्रस्त वर्गातून उठून ‘चिंता नाही’च्या रांगेत बसली. तेही 2018 मध्येच. आंतरराष्ट्रीय कागदावर तिची चिंता मिटली. ज्या आठ मैलांवरून तिचं नाव निघालं तिथे ती नाही.

पाण्याचा आवाज बंद होतो. वास येतो. बगळा अजून जलपर्णीवर चालतोय.

“आलं की काय तरी,” तो म्हणतो. जाळं काठावर आहे. तुमच्या टॉवेलसारख्या फेकीत दोन चिलापी सापडल्यात, आणि एक काळपट, खडबडीत, चिलखत घातल्यासारखा मासा, खालच्या बाजूला चोखणीसारखं तोंड. सकर. काचेच्या टाकीत शेवाळ खायला आणतात, मोठा झाला की नदीत टाकून देतात. मुळात दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या काट्यांनी जाळं चार ठिकाणी फाटलंय. भोई वैतागून त्याला सोडवत बसतो.

“ह्याला काय म्हणता?” तुम्ही विचारता.

“नाव न्हाई ह्याला. कुठनं आलंय कुनाला ठावं.” तो एक काटा जाळ्यातून मागे सारतो, मासा उलटा धरतो, दोन्ही बाजूंचे पर आडवे ताठ पसरतात. “पोरं इमान म्हनत्यात. बगा, हाय का न्हाई?”

आहे. तुम्ही खिशातून वही काढता. पेन ओल्या बोटांत सरकतं. इमान लिहिता. विमान करत नाही.

“आणि तुमचं नाव?”

तो वर बघतो. डोळ्यांवर ऊन आहे म्हणून त्याने एक हात कपाळावर धरलाय, त्या हातातून पाणी गळतंय.

“माजं कशाला? माश्याचं ल्ह्या.”